सही त्यांची, हात कुणाचा? : प्रस्तावना

माझे मामा गिरगावात चाळीतल्या दोन खोल्यांत राहत. त्यांच्या कपाटात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा असे आणि डब्यात हॉलिवूडच्या नटनट्यांची छायाचित्रे. १९५०च्या दशकात, विशीत असताना, त्यांनी ती पत्रे लिहून मागवली होती. पत्रासोबत इंटरनॅशनल रिप्लाय कूपन जोडले की पलीकडच्या माणसाला उत्तराचा टपालखर्च पडत नाही, हे त्यांना कुणीतरी शिकवले होते. मग तीन-चार महिने वाट पाहायची. पोस्टमन पुठ्ठा घातलेले पाकीट घेऊन जिना चढला की मजल्यावरची सगळी पोरे गोळा होत. त्या डब्यातले एक छायाचित्र मामांच्या विशेष जिवाचे होते. एका नामांकित नटीचे. उजव्या कोपऱ्यात निळ्या-काळ्या शाईत मामांचे नाव, एक ओळ शुभेच्छा आणि खाली ऐसपैस, लफ्फेदार सही.

मामा पुढे बँकेत लागले आणि चेकवरची सही नमुना-कार्डावरच्या सहीशी ताडून पाहण्यात त्यांची तीस वर्षे गेली. निवृत्तीनंतर मी त्यांना एक पुस्तक आणून दिले. त्यात त्याच नटीने स्टुडिओशी केलेल्या कराराचे छायाचित्र होते, शेवटी तिची सही. मामांनी डबा काढला, भिंग काढले आणि अर्धा तास ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ही सही खोटी नाही. कुणाचीतरी खरीच सही आहे, पण हिची नव्हे.

त्यांचा चेहरा उतरला होता, हे मला आठवते. त्याहून जास्त आठवते ते पुढचे. भिंग त्यांनी खाली ठेवले नाही. ‘टी’ची आडवी रेघ प्रत्येक वेळी उभ्या दांड्याच्या उजवीकडेच सुरू होते, नावाची अक्षरे कधी ओळ सोडत नाहीत, शेवटचे वळण घाईत असूनही पुरे होते, असे ते मला दाखवत राहिले. बाई शिस्तीची असणार, असे म्हणाले. नटीचा चेहरा असलेल्या त्या कागदावर त्यांना आता दुसरी एक व्यक्ती दिसू लागली होती. हे पुस्तक त्या दुपारी सुरू झाले.

विषयाशी पहिलीच भेट असलेल्या वाचकासाठी आधी थोडी जमीन आखून देतो. प्रसिद्ध व्यक्तीच्या नावाने कागदावर आलेली सही चार वाटांनी येऊ शकते. एक, त्या व्यक्तीने स्वतः केलेली. दोन, तिच्या संमतीने दुसऱ्याने केलेली; सेक्रेटरीने, आईने, भावाने, स्टुडिओतल्या कारकुनाने. तीन, यंत्राने, शिक्क्याने किंवा छपाईने उमटवलेली. चार, पैशासाठी कुणी केलेली नक्कल, म्हणजे सरळ बनावट. बाजारात आणि बोलण्यात शेवटच्या तिन्हींना ‘खोटी’ या एकाच शब्दात गुंडाळले जाते आणि सगळा घोळ तिथून सुरू होतो. बनावट सही करणाऱ्याला फसवायचे असते. सेक्रेटरीला पत्रांचा ढीग संध्याकाळपर्यंत संपवायचा असतो. दोघांच्या हातांची चाल वेगळी, म्हणून कागदावरच्या खुणाही वेगळ्या. हे पुस्तक मुख्यतः दुसऱ्या वाटेचे आहे. तिसरी वाट लागेल तेवढी येते आणि चौथी तुलनेपुरती.

मराठी माणसाला हा भेद समजावून सांगण्याची खरे तर गरज पडू नये. आपल्या दफ्तरी परंपरेत ‘दस्तुरखुद्द’ हा शब्द आहे आणि तो असण्याचे कारणच हे की बाकीचा मजकूर खुद्द धन्याच्या हातचा नसे. पत्र चिटणिसाच्या अक्षरात, वर शिक्का, शेवटी मोर्तब. त्या मोडी कागदांवर आजच्या अर्थाने सही शोधणारा हिरमुसतो. अधिकार मुद्रेत होता, मायन्यात होता, अक्षराच्या वळणात क्वचितच. धन्याने स्वतः दोन ओळी लिहिल्या तर ती आपुलकीची किंवा निकडीची खूण मानली जाई. वतनांच्या भांडणांत बनावट सनदा आणि महजर पुढे येत, तेव्हा कागद पारखणारे शिक्का, कालगणना, मायना आणि लिहिणाराचे वळण असे सगळे एकत्र पाहत. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले तेव्हापासून मराठी संशोधकांच्या कित्येक पिढ्या याच पद्धतीने कागद पाहत आल्या आहेत. पाश्चात्त्य संग्राहकांची पुस्तके वाचताना मला वारंवार वाटले की यांना जे नव्याने सुचते आहे ते आपल्या मोडी वाचकांच्या अंगवळणी पडलेले आहे.

दुसरा शब्द आजचा आणि रोजचा. तहसील कचेरीतून आलेले पत्र पाहा. सही अव्वल कारकुनाची असते आणि तिच्याखाली लिहिलेले असते, ‘तहसीलदार करिता’. या ‘करिता’त सगळा प्रामाणिकपणा आहे. मी दुसऱ्याच्या अधिकाराने सही करतो आहे, पण हात माझा आहे, हे तो शब्द उघड सांगतो. ताऱ्यांच्या छायाचित्रांवर हा शब्द कधीच नसतो. तो न लिहिलेला शब्द कागदावर कुठे दिसतो, याचाच शोध पुढच्या पानांत आहे.

दुसऱ्याच्या हातून सही करून घेण्याची रीत सिनेमाहून फार जुनी आहे. इंग्लंडचा आठवा हेन्री अखेरच्या काळात थकला, तेव्हा १५४५पासून त्याच्या सहीचा कोरडा ठसा कागदावर दाबला जाई आणि उमटलेल्या खळगीत विल्यम क्लार्क नावाचा कारकून शाई भरी. डिसेंबर १५४६मधले त्याचे मृत्युपत्रही असेच ठशाने झाले आणि त्यावरचा इतिहासकारांचा वाद चालू आहे. फ्रान्समध्ये चौदाव्या लुईच्या दरबारात राजाच्या हस्ताक्षरात लिहिणे हे रीतसर पदच होते. टूसाँ रोझ या सेक्रेटरीने ते वर्षानुवर्षे सांभाळले. राजाचे अक्षर त्याने असे आत्मसात केले होते की राजाच्या ‘हातच्या’ पत्रांकडे आजचा अभ्यासक आधी रोझची आठवण ठेवूनच पाहतो. अमेरिकेत सरकारी जमिनीची पट्टे-पत्रे इतकी वाढली की अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांना सह्या उरकेनात. १८३३मध्ये काँग्रेसने कायदा करून त्यासाठी सेक्रेटरी नेमण्याची मुभा दिली. त्यानंतरच्या पट्ट्यांवर अध्यक्षांचे नाव आहे, हात सेक्रेटरीचा आहे. तिथे तो कायद्याने आणि उघडपणे आहे, खाली त्याचे नावही आहे. तरी वडिलोपार्जित कागदपत्रांत असा पट्टा सापडला की घरच्यांना अध्यक्षांची सही मिळाल्याचा आनंद होतोच.

मग सिनेमा आला, आणि त्याच्यासोबत पूर्वी कधी नव्हते असे काहीतरी घडले. लाखो अनोळखी माणसे एकाच व्यक्तीला पत्र लिहू लागली आणि प्रत्येकाला तिच्या हाताचा स्पर्श झालेला कागद हवा होता. एकट्या हाताला हे पेलणे शक्यच नव्हते. स्टुडिओंनी टपाल खाती उघडली, कुणी सेक्रेटरी ठेवल्या, कुणाच्या घरच्यांनीच हे काम अंगावर घेतले. त्यातली जीन हार्लोची गोष्ट मला इतकी महत्त्वाची वाटते की या विषयाची ओळख मी नेहमी तिथूनच करून देतो.

‘हेल्स एंजल्स’ या १९३०च्या चित्रपटाने हार्लो एका रात्रीत प्रसिद्ध झाली आणि ७ जून १९३७ रोजी, वयाच्या २६व्या वर्षी वारली. मधली जेमतेम सात वर्षे. या काळात चाहत्यांना गेलेल्या छायाचित्रांवरच्या बहुतेक सह्या तिच्या आईने केलेल्या आहेत. आईचे अक्षर मोठे, गोलाईदार, वाचायला सोपे. छायाचित्रावर ते शोभून दिसते, आणि दशकानुदशके लोक तेच हार्लोचे अक्षर समजत राहिले. मुलीची स्वतःची सही मिळते ती करारांवर, चेकवर, आणि रस्त्यात कुणी वही पुढे केली असेल त्या वहीच्या पानावर. आता यातली खरी गुंतागुंत पाहा. मुलीचे जन्मनाव हार्लीन कार्पेंटर. पडद्यासाठी तिने घेतलेले ‘जीन हार्लो’ हे नाव तिच्या आईचे माहेरचे नाव होते. म्हणजे छायाचित्राच्या कोपऱ्यात ती आई जे लिहीत होती, ते लहानपणापासून तिचे स्वतःचेच नाव होते. तिलाही एकेकाळी नटी व्हायचे होते. त्या सह्यांतला आत्मविश्वास, तो भरगच्च फुलोरा, यांकडे मी हे माहीत झाल्यावर पुन्हा पाहिले आणि त्यांना ‘खोट्या’ म्हणणे मला जमेना. त्या जीन हार्लो या नटीच्या सह्या नाहीत, हे मात्र निर्विवाद. संग्राहकाने दोन्ही गोष्टी एकाच वेळी ध्यानात ठेवायला शिकावे लागते. हार्लोचा अखेरचा ‘सॅराटोगा’ हा चित्रपट ती गेली तेव्हा अपुरा होता आणि उरलेले प्रसंग पाठमोऱ्या दुसऱ्या मुलीवर चित्रित करून तो पुरा केला गेला, हेही तिच्या छायाचित्रांसमोर बसलो की आठवते.

प्रत्येक घराण्याची अशी एक तऱ्हा असते. वॉल्ट डिस्ने यांच्या स्टुडिओत हँक पोर्टरसारखे चित्रकार त्यांच्या नावाने सही करीत. चित्रकाराचाच हात, त्यामुळे ती सही डिस्नेंच्या स्वतःच्या सहीपेक्षा अधिक डौलदार असे. चित्रपटांच्या सुरुवातीला झळकणारे ते सुप्रसिद्ध नाव आणि वॉल्ट यांची रोजची सही यांतही अंतर आहे. बीटल्सचे सोबती नील ॲस्पिनॉल आणि माल इव्हान्स यांनी दौऱ्यांच्या धामधुमीत चौघांच्याही सह्या केल्या. शिवाय ते चौघे कधीकधी एकमेकांच्या सह्या करीत. त्यामुळे ‘बीटलच्या हातची’ पण त्याच बीटलची नव्हे, अशी सहीही अस्तित्वात आहे. जॉन एफ. केनेडी यांची गोष्ट सर्वांत बिकट. त्यांची स्वतःची सही क्षणाक्षणाला बदलणारी, कित्येकदा वाचताच न येणारी. सिनेटच्या काळापासून एव्हलिन लिंकन आणि इतर सेक्रेटरी त्यांच्या नावाने लिहीत, आणि भरीला सही करणारे यंत्र. न्यूयॉर्कचे व्यापारी आणि जाणकार चार्ल्स हॅमिल्टन यांनी १९६५मध्ये या एकाच माणसाच्या यंत्र-सह्यांवर स्वतंत्र पुस्तक लिहिले. इथे नमुन्याशी ताडून पाहण्याची साधी पद्धत कोलमडते, कारण नमुनाच स्थिर नाही.

उलट बाजूची माणसेही होती आणि त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे. स्टॅन लॉरेल उतारवयात सँटा मोनिकाच्या छोट्या घरात टाइपरायटरवर चाहत्यांना स्वतः उत्तरे लिहीत. त्यांचा दूरध्वनी क्रमांक डिरेक्टरीत छापलेला असे. जोन क्रॉफर्ड पत्रव्यवहाराला जणू दुसरी नोकरीच मानत. डॉन ब्रॅडमन यांनी निवृत्तीनंतर दशकानुदशके पत्रांचे ढीग स्वतः उपसले. ग्रेटा गार्बोने सहीच नाकारली, म्हणून तिची सही दुर्मीळ. आणि आपल्याकडे गांधीजी. स्वाक्षरी हवी असेल तर हरिजन फंडासाठी ५ रुपये द्या, असा त्यांचा दर होता. त्यांच्या बाबतीत तर एकाच माणसाचे दोन हात विचारात घ्यावे लागतात. १९०९मध्ये इंग्लंडहून दक्षिण आफ्रिकेला परतताना बोटीवर त्यांनी ‘हिंद स्वराज’ लिहिले. २७५ पानांच्या त्या हस्तलिखितातली ४० पाने उजवा हात थकल्यावर डाव्या हाताने लिहिलेली आहेत. वेगळे वळण दिसले की वेगळा माणूस, असा निष्कर्ष काढण्याआधी मी त्या ४० पानांची आठवण करतो.

ही पारख करणाऱ्यांच्या विचारपद्धती ढोबळमानाने तीन. पहिली व्यापारी आणि संग्राहकांची. तारीख पक्की असलेले नमुने जमवायचे, दर काही वर्षांच्या सह्यांची ओळ लावायची आणि हातातली सही त्या ओळीत कुठे बसते ते पाहायचे. मेरी बेंजामिन यांचे १९४६मधले पुस्तक आणि हॅमिल्टन यांचे काम या घराण्यातले. अमेरिकेत १९४८मध्ये संग्राहकांची राष्ट्रीय संस्था उभी राहिली, पुढे ती मॅन्युस्क्रिप्ट सोसायटी झाली, आणि तिच्या सभासदांनी एकमेकांशी नमुने ताडून पाहण्याची सवय रुजवली. या मंडळींची नजर विलक्षण तयार असते. पण ‘पाहताक्षणी कळते’ असे ते म्हणतात तेव्हा शिकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

दुसरी न्यायालयीन तज्ज्ञांची. अल्बर्ट ऑस्बर्न यांचा १९१०चा वादग्रस्त दस्तऐवजांवरचा ग्रंथ हा तिचा पाया. पण तिचा खरा थरार त्याआधीच्या एका खटल्यात आहे. सिल्व्हिया ॲन हाउलंड ही मॅसॅच्युसेट्समधली धनाढ्य अविवाहित बाई १८६५मध्ये वारली. भाची हेटी रॉबिन्सन हिने मृत्युपत्राला जोडलेले एक जादा पान पुढे केले. त्यावरची सही मूळ मृत्युपत्रावरच्या सहीशी इतकी तंतोतंत जुळत होती की संशय आला. हार्वर्डचे गणिती बेंजामिन पर्स आणि त्यांचा मुलगा चार्ल्स यांनी मावशीच्या ४२ खऱ्या सह्या घेतल्या, प्रत्येक सही उरलेल्या प्रत्येकीवर ठेवून पाहिली आणि नावातल्या ३० खालच्या दिशेच्या फटकाऱ्यांपैकी किती जुळतात ते मोजले. सरासरीने पाचांतला एक जुळे. तिसाच्या तीस जुळण्याची शक्यता म्हणजे एक भागिले पाचाचा तिसावा घात, असे पर्स यांनी न्यायालयात सांगितले. त्यांच्या आकडेमोडीवर नंतरच्या संख्याशास्त्रज्ञांनी आक्षेप घेतले आणि १८६८मध्ये खटल्याचा निकालही वेगळ्याच कायदेशीर मुद्द्यावर लागला. पण त्यातून एक गोष्ट कायमची पक्की झाली. माणूस आपली सही दोनदा तंतोतंत सारखी करू शकत नाही. दोन सह्या एकावर एक ठेवल्यावर केसभरही हलत नसतील, तर त्यांतली निदान एक तरी हाताने लिहिलेली नव्हे. यंत्राची सही पकडण्याची सगळी विद्या या तत्त्वावर उभी आहे.

तिसरी पद्धत मला सर्वांत जवळची, आणि तिला अजून नीट नाव नाही. ती सहीपेक्षा कार्यालयाचा अभ्यास करते. त्या वर्षी कुणाच्या नोकरीत कोण होते, टपाल कोण फोडी, पत्राच्या तळाशी टंकलेखिकेची आद्याक्षरे कोणती, सेक्रेटरीने स्वतःच्या नावाने लिहिलेली पत्रे कुठे आहेत. आपल्या १८७२च्या पुरावा कायद्यातल्या ४७व्या कलमाचे उदाहरण मला याच पद्धतीचे बीज वाटते. लंडनच्या व्यापाऱ्याचे अक्षर ओळखण्यासाठी कलकत्त्याच्या व्यापाऱ्याची साक्ष चालते, कारण त्याचा त्याच्याशी पत्रव्यवहार आहे. आणि त्याच्या कारकुनाचीही चालते, कारण ती पत्रे पाहून फायलीला लावणे हे त्याचे काम आहे. दोघांनीही लंडनच्या माणसाला लिहिताना कधी पाहिलेले नाही. तत्त्व नव्या साक्ष्य अधिनियमातही टिकले आहे. रोज कागद हाताळणाऱ्या साध्या कारकुनाच्या ओळखीला कायद्याने दिलेला हा मान माझ्या मामांना फार आवडला असता.

आता प्रत्यक्ष पाहण्याविषयी. नवशिक्याला सगळीकडे हेच सांगितले जाते की खोटी सही कापरी असते. रेघ थरथरते, मध्येच थांबते, उचलून पुन्हा टेकवलेली दिसते. हे बनावट सहीला लागू पडते, कारण नक्कल करणारा सही काढतो. सेक्रेटरी सही लिहिते. दिवसाला शंभर वेळा, वर्षानुवर्षे, तेच नाव. तिची रेघ वाहती असते, दाब नैसर्गिक असतो, शाई कुठे साचत नाही. रेघेच्या गुणवत्तेची परीक्षा ती पहिल्या वर्गात उत्तीर्ण होते, आणि म्हणूनच भल्याभल्यांची चूक होते.

मग पकडायचे कशाने? माझ्या अनुभवात सर्वांत बोलकी खूण म्हणजे काळ. प्रसिद्ध माणसाची सही घासत जाते. सुरुवातीला सगळी अक्षरे, पाच वर्षांनी निम्मी, पुढे एक वळण आणि एक रेघ. सेक्रेटरीने कामाला लागताना जो कित्ता गिरवला त्याच रूपात तिची सही थिजून राहते. तारा म्हातारा होतो, त्याच्या नावाची टपालातली सही तरुणच राहते. दुसरी खूण नीटनेटकेपणाची. टपालाने आलेली सही सुवाच्य, छायाचित्राच्या मोकळ्या जागेत बरोबर बसवलेली आणि भेटीत मिळवलेली वेडीवाकडी, चेहऱ्यावरून गेलेली असेल, तर मी दुसरीवर आधी विश्वास ठेवतो. तिसरी, अक्षरांचे जोड. माणूस दुसऱ्याच्या अक्षराचा आकार उचलतो, पण हात कुठे उचलायचा ही सवय बदलत नाही. वेलांटीसारखी वळणे, बिंदूंची जागा, आडव्या रेघेची सुरुवात, मोठ्या-छोट्या अक्षरांचे प्रमाण, यांत सेक्रेटरी स्वतःच राहते.

एक सावधगिरी. सही आणि वरचा ‘अमक्यास सप्रेम’ हा मजकूर वेगळ्या हातांचा दिसला की पुष्कळ लोक छायाचित्र बाद करतात. घाई करू नये. कित्येक तारे कोऱ्या छायाचित्रांच्या गठ्ठ्यावर स्वतः सह्या करून ठेवत आणि नावे नंतर सेक्रेटरी घाली. उलटही घडते. दोन्ही एकाच वाहत्या, सुंदर हाताचे, आणि तो हात आईचा. लेखणीचे वयही पाहावे. बॉलपेन न्यूयॉर्कच्या दुकानात विकायला आले ते ऑक्टोबर १९४५मध्ये, फेल्ट-टिप पेनांचा प्रसार १९६०च्या दशकातला. हार्लोच्या छायाचित्रावर बॉलपेनची सही दिसली तर आईलाही दोष देता येत नाही. ती सही कुणीतरी बऱ्याच वर्षांनी केलेली आहे.

यंत्राबद्दल थोडक्यात. रॉबर्ट डी शाझो यांचे ऑटोपेन १९४०च्या दशकात बाजारात आले. साच्यावरून फिरणारा दांडा खरे पेन धरून खऱ्या शाईने लिहितो, त्यामुळे भिंगाखाली ती छपाई वाटत नाही. पण दाब सर्वत्र सारखा, सुरुवातीला आणि शेवटी ठिपका, आणि दुसऱ्या प्रतीवर ठेवली की रेघेवर रेघ. अंतराळवीरांच्या छायाचित्रांत याचा सुळसुळाट आहे. नील आर्मस्ट्राँग यांच्या यंत्र-सह्यांचे साचे संग्राहकांनी एकेक करून नोंदवले आहेत. त्यांनी १९९४च्या सुमारास सही देणे बंद केले, त्यामुळे त्या नोंदी अधिकच मोलाच्या.

हा सगळा अभ्यास आज कशासाठी, असे मला विचारले जाते. एक कारण बाजार. जुन्या पेट्यांतली छायाचित्रे आता घरबसल्या लिलावात येतात, घेणाऱ्याला कागद हातात धरता येत नाही आणि सोबतच्या प्रमाणपत्रावरच भिस्त ठेवावी लागते. पण २०२२मध्ये बॉब डिलन यांच्या पुस्तकाच्या सुमारे ९०० ‘स्वहस्ते सही केलेल्या’ प्रती ५९९ डॉलरला विकल्या गेल्या, प्रत्येकीसोबत प्रकाशकाचे पत्र होते, आणि खरेदीदारांनी आपापल्या प्रतींची छायाचित्रे शेजारी ठेवली तेव्हा त्या यंत्राच्या निघाल्या. प्रकाशकाने पैसे परत केले, डिलन यांनी चक्कर येण्याच्या आजाराचे कारण देऊन माफी मागितली. फसवणूक उघड केली ती साध्या वाचकांनी, पर्स पितापुत्रांच्या जुन्या पद्धतीने.

दुसरे कारण बाजाराच्या पलीकडचे आहे. २०११मध्ये फ्रान्समध्ये असलेल्या अध्यक्ष ओबामांच्या आदेशावरून वॉशिंग्टनमध्ये यंत्राने एका कायद्यावर सही केली. २०२५मध्ये बायडन यांच्या काळातल्या यंत्र-सह्यांवरून अमेरिकेत मोठे राजकीय वादळ उठले. या दोन्हींपेक्षा मला २००४ची गोष्ट जास्त लागते. इराकमध्ये मुले गमावलेल्या कुटुंबांच्या लक्षात आले की संरक्षणमंत्री रम्सफेल्ड यांच्या सांत्वनपत्रांवरची सही यंत्राची आहे. मजकुराबद्दल कुणाची तक्रार नव्हती. आपल्या मुलाच्या नावाच्या कागदावर त्या माणसाने दोन क्षण हात टेकवला नाही, हे त्यांना सोसवेना. यापुढे प्रत्येक पत्रावर स्वतः सही करीन, असे मंत्र्यांना जाहीर करावे लागले. त्या आईवडिलांना सहीचा बाजारभाव ठाऊक नव्हता. सही कशासाठी असते, हे पक्के ठाऊक होते.

या पुस्तकाचा आवाका मर्यादित आहे. ‘खरी की खोटी’ एवढाच निवाडा हवा असलेल्याला ते कदाचित पुरणार नाही. इथे प्रत्येक सहीपाशी मी प्रश्न बदलून विचारला आहे : हे अक्षर कुणाचे? सेक्रेटरीचा हात तिच्याच इतर कागदांवरून ओळखता आला तरच सही तिची, असे मी म्हटले आहे. नुसती ताऱ्याच्या नमुन्याशी जुळत नाही, एवढ्यावर निष्कर्ष काढलेला नाही, कारण न जुळण्याला आजारपण, घाई, डावा हात, चालती मोटार अशी अनेक कारणे असतात. जिथे ठरवता आले नाही तिथे तसे लिहिले आहे. सह्या मूळ आकारात छापण्याचा आग्रह मी धरला आणि शेजारी जागा मोकळी ठेवली आहे. वाचकाने तिथे पेन्सिलीने ते वळण स्वतः गिरवून पाहावे. बोटांना जे कळते ते डोळ्यांना उशिरा कळते.

आणि ज्यांची नावे सापडली त्या लेखनिकांची नावे मी ताऱ्यांच्या नावाइतक्याच ठळक अक्षरांत दिली आहेत. बहुतेक बायका आहेत. पगारी सेक्रेटरी, आया, बहिणी. एका अनोळखी मुलाला मुंबईच्या चाळीत पाकीट मिळावे म्हणून त्यांच्यापैकी कुणीतरी एका दुपारी त्याचे परके नाव काळजीपूर्वक, एकही अक्षर न चुकवता लिहिले होते.

मामांचे छायाचित्र पुस्तकात आहे. ती ‘टी’ची उजवीकडे सुरू होणारी रेघ मला गेल्या वीस वर्षांत त्याच नटीच्या आणखी अकरा छायाचित्रांवर सापडली, सगळी टपालाने गेलेली. त्या हाताचे नाव मात्र सापडलेले नाही. मामा आता नाहीत. चित्राखालची ओळ मी त्यांच्या पद्धतीने लिहिली आहे : नटीचे नाव, आणि त्यापुढे, ‘करिता’.